मतदानाच्या दिवशी पोलिसाचं काम काय?
(पाड्यावरच्या बैठकीतलं बोलणं)



निवडणूक लागली की आपल्याकडं पोलिसांची गाडी फिरायला लागते. मागच्या खेपेला आमच्यातल्या सात जणांना फौजदारानं बोलावलं, कागदावर अंगठे घेतले अन् दम दिला, "मतदान होईस्तोवर केंद्राकडं फिरकायचं नाही." गुन्हा काय, तर आम्ही फॉरेस्ट प्लॉट कसतो. सातातले चार मतदानाला गेलेच नाहीत. त्यांना वेळेवर सांगायला आम्हीही कमी पडलो, हे कबूल करतो.

तो कागद म्हणजे चॅप्टर केस, 2024 पर्यंत फौजदारी संहितेचं कलम 107, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 126. त्यात शांतता राखायची हमी मागतात. ती मागायचा अधिकार फौजदाराला नाही, दंडाधिकाऱ्याला आहे. आपल्याकडं बहुतेक तहसीलदारच ते काम बघतो. अन् हमी लिहून दिली म्हणून मताचा हक्क जात नाही. तुरुंगात किंवा पोलिसांच्या ताब्यात असेल त्यालाच मत देता येत नाही. म्हणून कुणाला 170 खाली (पूर्वीचं 151) उचललं तर वेळ लिहून ठेवा. मॅजिस्ट्रेटसमोर उभं केल्याशिवाय 24 तासांपुढं ठेवता येत नाही. गावानं त्याच दिवशी ठाण्यावर जायचं, वकिलाची वाट बघत बसायचं नाही.

पोलीस नकोच, असं आम्ही म्हणत नाही. केंद्र बळकावणारे, रात्री दारू-नोटा वाटणारे आहेतच, त्यांना अडवायला पोलीस लागतो. मतदान संपायच्या आधीचे 48 तास दारूविक्री बंद. ती खरंच बंद ठेवायची कुणी? त्यानंच. 1989 पासून कायद्यात 28-क कलम आहे: निवडणुकीच्या कामावरचा पोलीस निकाल लागेपर्यंत निवडणूक आयोगाच्या हुकमाखाली. पुढाऱ्याच्या नाही!

केंद्राच्या आत केंद्राध्यक्षाचं चालतं. त्यानं बोलावल्याशिवाय पोलिसानं आत यायचं नाही. रांग लावायची, 100 मीटरच्या आत प्रचार होऊ द्यायचा नाही. मत कुणाला, हे विचारायचा हक्क ना त्याला, ना गार्डाला. बायांनो, दारात शिपाई दिसला म्हणून माघारी फिरू नका.

कोयता, तिरकामठा मात्र घरीच ठेवा. हत्यार घेऊन केंद्राजवळ जायला बंदी आहे, अन् कोयता कामाचा आहे हे त्या दिवशी कुणी ऐकून घेणार नाही.

संध्याकाळी उमेदवाराच्या प्रतिनिधीला मतदान यंत्रावर आपलं सील लावता येतं. नोंदलेल्या मतांच्या हिशेबाची नक्कल मिळते, ती घेतल्याशिवाय उठायचं नाही.

त्या सातही जणांची नावं यादीत आहेत, आम्ही बघून आलो. मतदानाच्या सकाळी ते पुढं, आम्ही मागं. शाळेपाशी जमा.