सकाळी नाकातून पिवळं पडतं तेव्हा

परवा एक बाई चार वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. बसायच्या आधीच त्यांनी पर्समधून घडी घातलेला रुमाल काढला, टेबलावर उलगडला. "बघा डॉक्टर, सकाळी एवढं हिरवं निघालं. आता तरी अँटिबायोटिक लिहून द्या." रुमालावर घट्ट, हिरवट पिवळा शेंबूड होता. मुलगा मात्र माझ्या वजनकाट्यावर उड्या मारत होता. मी आधी मुलाकडे पाहिलं, मग रुमालाकडे. घरीही हाच क्रम ठेवा, हे सांगायला मी आज आलो आहे.

आपल्या नाकाचं आणि भोवतालच्या पोकळ्यांचं अस्तर दिवसाकाठी लिटरभराच्या आसपास पातळ स्राव तयार करतं. त्यात धूळ आणि जंतू चिकटतात. अस्तरावरची बारीक लव हा स्राव घशाकडे ढकलत राहते आणि आपण तो नकळत गिळतो. रात्री गिळणं कमी होतं. नाक चोंदलेलं, तोंड उघडं, वर पंखा गरगरतोय, मग स्राव साचतो आणि सुकतो. म्हणून सकाळी पहिल्यांदा शिंकरलेलं सगळ्यात गडद दिसतं. त्याच माणसाचं दुपारी पुष्कळदा फिकट, पातळ असतं.

आता रंग कुठून येतो? सर्दी झाली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी नाकात धावून येतात. जंतू मारण्यासाठी त्यांच्याजवळ लोह असलेलं एक एन्झाइम असतं आणि ते मुळातच हिरवं असतं. म्हणजे हा रंग आपल्याच शिपायांचा. साधी सर्दी विषाणूंमुळे होते, तरी तिच्यातही तिसऱ्या-चौथ्या दिवशी नाक पिवळं होतं. आमची आजी म्हणायची, "सर्दी पिकली, आता उतरेल." तिचं निरीक्षण चोख होतं. विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. उगाच घेतलं तर जुलाब लागतात, आणि जंतू त्या औषधाला निर्ढावतात ते वेगळंच.

मग करायचं काय? मिठाचं पाणी. पाणी उकळून कोमट होऊ द्यायचं आणि २५० मिलीलिटरला चहाचा अर्धा चमचा मीठ घालून त्यानं नाक धुवायचं. जलनेती करणाऱ्यांनीही नळाचं पाणी थेट नाकात घेऊ नये. पाण्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूत शिरतो. हे क्वचित घडतं, पण घडलं तर जीवावर बेततं. लहान मुलांना औषधाच्या दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब पुरेत. त्यांना वाफ देण्यासाठी उकळत्या पाण्याचं भांडं समोर ठेवू नका, पोरं भाजतात. नाक मोकळं करणारे औषधी थेंब पाच दिवसांपलीकडे घातले, तर त्यांच्यामुळेच नाक पुन्हा चोंदतं. तपकीर ओढणाऱ्यांचा स्राव तपकिरी दिसतो. तिथे उपाय एकच, डबी बंद करणं.

काही वेळा मात्र थांबू नका. दहा दिवस उलटूनही उतार नाही, बरं वाटून पुन्हा उलटलं, गडद स्रावाबरोबर तीन-चार दिवस १०२ च्या वर ताप आहे, डोळ्याभोवती सूज आली, तर डॉक्टरांकडे जा. मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वास येत असेल, तर आत चिंचोका किंवा मणी अडकलेला असू शकतो. खेळण्यातला बटणासारखा सेल गेला असेल, तर त्याच तासाला दवाखाना गाठा. मोठ्यांत असा एकाच बाजूचा वास कधी वरच्या किडलेल्या दाढेतून येतो. आणि मधुमेह असलेल्यांनी नाकातून काळं पडलं, गाल बधिर झाला किंवा डोळा दुखू लागला, तर रात्रही जाऊ देऊ नये. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजारानं महाराष्ट्रात कितीतरी जणांचे डोळे गेले.

त्या मुलाला मी मिठाच्या पाण्याचे थेंब दिले, बस्स. त्याच्या सर्दीचा तो चौथा दिवस होता. तुमच्या घरीही सर्दी सुरू झाली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा. डॉक्टरांकडे यावंच लागलं, तर रुमालाऐवजी ती तारीख घेऊन या.