शेवटचा धावपटू येईपर्यंत

क्रीडासप्ताहाच्या सभेत मी जे बोललो ते स्मरणिकेसाठी लिहून द्यावे, असा संपादकांचा आग्रह पडला. तेव्हा वाचकहो, आता तुम्हीच माझे श्रोते.

प्रारंभ माझ्या एका चुकीने करतो. काही वर्षांपूर्वी शाळेच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत वेळ नोंदविण्याचे काम माझ्याकडे होते. पहिले तीन क्रमांक लागले, बक्षिसांची नावे लिहून झाली आणि मी दोरी गुंडाळून चहाला गेलो. बऱ्याच वेळाने आठवीतला एक मुलगा धापा टाकीत मैदानात आला. "सर, माझी वेळ किती?" एवढेच त्याने विचारले. माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढल्या वर्षी त्याने नाव दिले नाही.

ही टोचणी मनात असतानाच दक्षिण आफ्रिकेतील कॉम्रेड्स मॅरेथॉनविषयी वाचनात आले. मॅरेथॉन असते ४२ किलोमीटरची. ही तिच्या दुपटीहून मोठी, सुमारे ९० किलोमीटरची. डर्बन आणि पीटरमारिट्झबर्ग ह्या दोन शहरांमधला हा डोंगराळ रस्ता. १८९३ साली गांधीजींना आगगाडीतून उतरवून दिले ते हेच पीटरमारिट्झबर्ग. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या व्हिक क्लॅपम ह्या रेल्वे इंजिनचालकाने मृत सोबत्यांच्या स्मरणार्थ ही शर्यत सुचविली. आधी त्याला नकारच मिळाला. अखेर २४ मे १९२१ रोजी ३४ जण धावले आणि १६ जणांनी शर्यत पुरी केली.

एवढे अंतर धावताना शरीराचे काय होते? स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर तिशीच्या किलोमीटरांपुढे संपत येते, पाय शिशाचे होतात. मग वाटेत खात-पीत, चरबी जाळीत पुढे सरकायचे. पाणी कमी पडले तर त्रास, आणि नुसते पाणीच भरमसाट प्यायले तर रक्तातील क्षार पातळ होऊन जिवावर बेतते. चढणीपेक्षा उतार सोपा, असे आपल्याला वाटते. पण तासन्‌तास उतार धावला की मांड्यांचे स्नायू असे दुखावतात की दुसऱ्या दिवशी जिना उतरणे कठीण. डर्बनहून वर जाणाऱ्याला तर पॉली शॉर्ट्‌स नावाची चढण ऐंशी किलोमीटरच्या सुमारास गाठते. तेथे भले भले चालू लागतात.

ह्या शर्यतीलाही लाज वाटावी असा भूतकाळ आहे. १९२३ साली फ्रान्सिस हेवर्ड ह्या बाईंचा अर्ज नाकारला गेला, तरी त्या धावल्या. पदक नाही, पण प्रेक्षकांनी वर्गणी काढून त्यांना चांदीचा चहाचा संच दिला! १९३५ साली रॉबर्ट म्त्शाली हा कृष्णवर्णीय धावपटू असाच बिनपरवाना पूर्ण अंतर धावला. स्त्रियांना आणि सर्व वर्णांच्या लोकांना रीतसर प्रवेश मिळायला १९७५ साल उजाडावे लागले.

आता मुद्द्याचे सांगतो. वेळेची मर्यादा आज १२ तासांची आहे. ती संपत आली की एक अधिकारी धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो आणि क्षण येताच बंदुकीचा बार काढतो. एक पाऊल मागे राहिलेल्यालाही पदक नाही. प्रथम मला हा निर्दयपणा वाटला. पण पाठ का, तर समोर कोण येतो आहे हे दिसले तर हात अडखळेल. आणि विजेता येऊन सहा तास उलटले तरी त्या शेवटच्या मिनिटांसाठी लोक दाटीने थांबलेले असतात. कोणी पडला तर अनोळखी माणसे त्याला खांद्याचा आधार देऊन आणतात.

१९८९ साली ही मर्यादा ११ तासांची होती. वॉली हेवर्ड, वय वर्षे ८०, शेवटच्या टप्प्यात झोकांड्या खात आले. १९३० साली हीच शर्यत त्यांनी जिंकली होती, पुढे आणखी चार वेळा. ह्या वेळी ते पोहोचले तेव्हा दोन मिनिटेही शिल्लक नव्हती. त्या दिवसाचा विजेता सॅम त्शाबालाला, ही शर्यत जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय. पण लोक हेवर्ड यांचीही आठवण तेवढ्याच आपुलकीने काढतात.

यंदा आमच्या शर्यतीत दोरी मी सोडली नाही. चहा थंड झाला. शेवटचा मुलगा अर्धा चालत, अर्धा धावत १ तास ७ मिनिटांनी आला. वेळ वहीत लिहून त्याला दाखवली. त्याने ती दोनदा वाचली.