तळव्यावरचा काळा डाग

चेहरा आपण रोज आरशात पाहतो. पायाचा तळवा मात्र काटा रुतला तरच. आज बोलायचे आहे ते या तळव्यावरच्या काळ्या डागाविषयी.

मेलॅनोमा हा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. आपल्याकडे तो विरळा. पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळव्यावर किंवा नखाखाली होतो. सुरुवातीला सहसा दुखत नाही. म्हणून कोणी कुरूप समजून ब्लेडने तासतो, तर कोणी जुना मुका मार समजतो. गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या बोटावरची अशीच खूण आधी फुटबॉलची दुखापत वाटली होती. निदान १९७७ मध्ये झाले. १९८१ मध्ये, अवघ्या ३६व्या वर्षी, ते गेले.

मग साधा तीळ आणि हा रोग यांत फरक कसा करायचा? त्वचारोगतज्ज्ञांकडे डर्मोस्कोप नावाचे दिवा लावलेले भिंग असते. ते डाग साधारण दहापट मोठा दाखवते आणि कातडीवरची चकाकी घालवते, त्यामुळे आतला रंग दिसतो. तळव्याची कातडी म्हणजे उसाचे शेतच : सरी आणि वरंबा. साध्या तिळाचा रंग बहुधा सरीत उतरतो, मेलॅनोमाचा वरंब्यावर पसरतो. घामाची छिद्रे वरंब्यावर असतात, त्यावरून तो ओळखू येतो.

पण भिंग संशय दाखवते, निकाल देत नाही. साकळलेले रक्तही कधी वरंब्यावर दिसते. निकाल बायोप्सीचा. जागा बधिर करून तुकडा काढतात, मेणात बसवून त्याचे अतिशय पातळ काप घेतात आणि रंगवतात. पेशी कशा आहेत आणि किती खोल गेल्या आहेत, हे पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ही खोली मिलिमीटरमध्ये मोजण्याची पद्धत अमेरिकेतील डॉ. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये मांडली. खोली एक मिलिमीटरच्या आत असेल, तर शस्त्रक्रियेने रुग्ण बहुधा बरा होतो. पुढे धोका वाढत जातो. उशिराची किंमत अशी मिलिमीटरमध्ये मोजली जाते.

म्हणून विनंती एवढीच. डाग वाढत असेल, कडा वेड्यावाकड्या असतील, जखम भरत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. घरी ॲसिड लावू नका, डाग जाळून घेऊ नका. जाळलेल्याची तपासणी होत नाही. तुकडा काढलाच, तर तो तपासणीला पाठवला ना, हे आवर्जून विचारा.

आज रात्री पाय धुताना तळवा एकदा उजेडात पाहा. आई-वडिलांचे पाय चेपाल, तेव्हा त्यांचाही.