तोलाची किल्ली कुणाकडे?

घरी किंवा मेकरस्पेसमध्ये, म्हणजे सामायिक अवजारांच्या कार्यशाळेत, ड्रोन बनवायचा म्हटले की पहिला प्रश्न हमखास खर्चाचा येतो. बाजारात तयार ड्रोन मिळत असताना हा खटाटोप परवडतो का? माझ्या मते या प्रश्नात हिशेबाची पहिलीच ओळ चुकते. ड्रोनमधली सर्वांत महाग वस्तू मोटर नव्हे, बॅटरीही नव्हे. ती आहे तोल सांभाळण्याची विद्या. गेल्या दीड दशकात ती उघडी आणि फुकट झाली. तेव्हा किती पैसे वाचले याआधी हे विचारायला हवे, की यंत्र बिघडले तर ते उघडून पाहण्याचा अधिकार आणि आवाका कुणाकडे आहे?

चार पंख्यांचे हे यंत्र मुळातच अस्थिर, तळहातावर उभ्या धरलेल्या काठीसारखे. कर्णावरच्या दोन मोटरी एका दिशेने फिरतात, उरलेल्या दोन उलट दिशेने. त्यामुळे त्यांचा पीळ परस्परांत फिटतो. नवशिक्याने डावा-उजवा पंखा अदलाबदल करून बसवला, तर यंत्र जागच्या जागी पालथे होते. एक किलोचा ड्रोन घेतला तर चारही मोटरींनी मिळून निदान दोन किलोचा उचल-जोर द्यायला हवा, म्हणजे तरंगताना निम्मी ताकद तोल सावरायला हाताशी राहते. ही सावरासावर माणसाच्या बोटांना झेपणारी नाही. आर्डूपायलट ही मुक्त प्रणाली ती सेकंदाला ४०० वेळा करते. दर वेळी ती तीन गोष्टी मोजते: चूक आत्ता किती आहे, आतापर्यंत किती साचली आणि किती वेगाने बदलते आहे. इंजिनिअरिंगची मुले परीक्षेत हेच ‘पीआयडी’ म्हणून लिहितात. पहिला गुणक वाढवला की ड्रोन थरथरू लागतो, कमी केला की सुस्तावून झोकांड्या खातो. हे आकडे ज्याने स्वतः फिरवून पाहिले, त्याला ते समीकरण पाठ करावे लागत नाही.

ही विद्या उघडी झाली ती दोन कारणांनी. पहिले कारण सेन्सरचे. मोबाइल आणि व्हिडिओ गेम यांच्यामुळे कल मोजणारे सेन्सर नखाएवढे आणि स्वस्त झाले. मेक्सिकोहून अमेरिकेत आलेल्या जॉर्डी मुन्योस या तरुणाने निन्टेंडो वी या खेळाच्या रिमोटमधला सेन्सर काढून आपल्या खेळण्यातल्या हेलिकॉप्टरला बसवला. ‘वायर्ड’ मासिकाचे तेव्हाचे संपादक क्रिस अँडरसन आणि तो यांनी २००९ मध्ये थ्रीडी रोबॉटिक्स ही कंपनी काढली. आर्डूपायलटचा उगम याच खटपटीत आहे. त्याच सुमारास झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात लॉरेन्झ मायर आणि सहकारी विद्यार्थ्यांनी पिक्सहॉक प्रकल्प सुरू केला, त्यातून पीएक्स-४ ही प्रणाली आली. दुसरे कारण परवान्याचे. आर्डूपायलटचा परवाना सांगतो की प्रणाली बदलून इतरांना द्याल, तर बदललेला कोडही द्यावा लागेल. म्हणजे एकाची दुरुस्ती सर्वांच्या पदरात पडते.

या उघडेपणाचा कस लागतो तो कंपनी अडचणीत आल्यावर. थ्रीडी रोबॉटिक्सने २०१६ मध्ये ड्रोन बनवणे सोडले, पण आर्डूपायलट थांबले नाही. ते आजही वाढते आहे. याउलट, मोटरींचा वेग ठरवणाऱ्या ईएससी या भागात बीएलहेली-३२ नावाची बंदिस्त प्रणाली सर्रास वापरली जात असे. २०२४ मध्ये तिचे काम बंद पडले आणि उत्पादकांना एएम-३२ या मुक्त प्रणालीकडे वळावे लागले. बंदिस्त वस्तू चांगली असली तरी तिची किल्ली दुसऱ्याच्या खिशात असते.

यावर आक्षेप आहेत, आणि ते वजनदार आहेत. मोटरी, सेन्सर, चिप परदेशी. मग यात आपले काय? भाग आपले नाहीत, हे खरेच. पण भारताने फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, सुट्या भागांना मात्र मुभा ठेवली. म्हणजे जोडणी आणि समज यांची जागा इथेच आहे. दुसरा आक्षेप: तयार ड्रोन जास्त स्थिर उडतो, फोटो चांगले काढतो. मान्य. लग्नाचे चित्रीकरणच करायचे असेल तर तयारच घ्यावा. शिकायचे असेल तर मात्र न बिघडणारे यंत्र काय शिकवणार? तिसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो कधीच हलक्यात घेऊ नये. लिथियम-पॉलिमर बॅटरी फुगली की ती आगीचे निमंत्रण. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर जाता कामा नये, आणि टेबलावर मोटर तपासताना पंखे काढूनच ठेवावेत. २०२१ च्या ड्रोन नियमांनी २५० ग्रॅमपर्यंतचे ड्रोन ‘नॅनो’ वर्गात घातले, पूर्वपरवानगी न लागणाऱ्या हरित क्षेत्रात १२० मीटरची उंचीमर्यादा घातली. नियम समजून उडवणारा शिकाऊ माणूस हा, डबा उघडून थेट गच्चीवर जाणाऱ्या हौशी माणसापेक्षा समाजाला कमी धोक्याचा.

यंत्र स्वतः उघडून शिकण्याचा हा विचार महाराष्ट्राला परका नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ इथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला तो हातांनी करत शिकण्यासाठीच. २००२ मध्ये तिथे फॅब लॅब, म्हणजे वस्तू स्वतः बनवून पाहण्याची खुली कार्यशाळा, उभी राहिली, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या बाहेर अशी पहिलीच. तिथल्या विचाराला धरून एक सुचवतो. महाविद्यालयांच्या ड्रोन स्पर्धांत कुणाचा ड्रोन किती वेळ उडाला याला गुण मिळतात. त्यातले निम्मे गुण एका प्रश्नाला द्यावेत: तुमचा ड्रोन शेवटचा कधी पडला आणि का? उत्तर देताना उड्डाणाची नोंद पडद्यावर उघडावी, कंपनाच्या आलेखातला उंचावलेला भाग दाखवावा आणि तो वाकलेल्या पंख्याचा की सैल स्क्रूचा, ते पुराव्यानिशी सांगावे. बंदिस्त डब्यातली ती नोंद बहुधा पूर्णपणे वाचता येत नाही, आणि जो विद्यार्थी ती नोंद वाचू शकला, तोलाची किल्ली त्याच्याकडे आली असे मी मानेन.