घडी घातलेली सतरंजी

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझी पुतणी एका शिष्यवृत्तीसाठी प्रकल्प अहवाल पाठवत होती. गावातल्या चौदा विहिरींची पाणीपातळी तिने वर्षभर मोजली होती. पाने अवघी बारा, आणि प्रत्येक विहिरीचा एक फोटो. मुदत रात्री बारापर्यंत. साडेअकराला संकेतस्थळाने फाइल नाकारली. मर्यादा ५ एमबीची, फाइल भरली ५६ एमबी!

"काका, फोटो तर मी केवढे लहान केलेत!" ती रडवेली झाली. मी ते आणखी लहान करून पाहिले. फाइल जागची हलेना. शेवटी सगळे फोटो काढले आणि नुसता मजकूर पाठवला. शिष्यवृत्ती मिळाली नाही. फोटो नव्हते म्हणूनच, असे मी म्हणणार नाही. पण चुटपुट लागून राहिली.

मग कळले, की चूक साधी होती. फोटोचा कोपरा धरून आत ओढला, की तो पानावर लहान दिसतो. फाइलमध्ये मात्र मूळ फोटो तसाच राहू शकतो. सतरंजीची घडी घातली म्हणून तिचे वजन कमी होते का?

हिशेब पाहा. मोबाइलचा फोटो साधारण ४००० ठिपके रुंद असतो. पानावर तो तीन इंच छापायचा, तर इंचाला २२० ठिपके पुरतात, म्हणजे ६६०. रुंदीत सहापट, उंचीत सहापट. एकूण छत्तीसपट ओझे आपण उगाच वाहतो.

उपाय दोन. फोटो घालण्यापूर्वीच त्याची लहान प्रत काढावी. मूळ फोटो मात्र जपून ठेवावा. किंवा वर्डमध्ये फोटोवर क्लिक करून 'कॉम्प्रेस पिक्चर्स' निवडावे. 'फक्त याच चित्राला' ही खूण काढली, की सगळे फोटो एकदम हलके होतात. छपाईसाठी २२०, पडद्यावर वाचायला १५० पुरे. छायाचित्र जेपेग प्रकारात ठेवावे. पीएनजी रेषाचित्रांना आणि तक्त्यांना बरे.

आणखी एक गोष्ट, वजनाहून महत्त्वाची. वर्डमध्ये फोटोची कड कापली, तरी कापलेला भाग बहुधा आतच राहतो. फाइल मिळणारा तो पुन्हा उघडून पाहू शकतो. आमच्या एका फोटोत विहिरीमागे शेजाऱ्यांचे घर आणि दारातली माणसे होती. ती आम्ही कापली होती, पण गेली नव्हती! म्हणून तिथेच 'कापलेले भाग पुसा' या अर्थाच्या पर्यायावर खूण करावी.

तोच अहवाल आता चौदाही फोटोंसह दीड एमबीत बसतो. पुतणी यंदा पुन्हा अर्ज करणार आहे. या वेळी फाइल शेवटच्या रात्री नाही, आठवडाभर आधी पाठवायची, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे.