साथ सरते, मग सवय कोठे जाते?



साथीच्या दिवसांत माणसाची वागणूक किती लवकर बदलते, आणि साथ ओसरताच ती किती लवकर मूळपदावर येते, याविषयी आज दोन शब्द सांगावयाचे योजिले आहे.

१९१८ साली इन्फ्ल्यूएंझाची जी भयंकर साथ आली, तिला आपल्याकडे लोक 'मानमोडी' म्हणत. जूनमध्ये ती मुंबईत दिसू लागली, आणि पावसाने दगा दिलेल्या त्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात तिने उग्र रूप धारण केले. देशात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. आपला मध्यप्रांत व वऱ्हाडचा मुलूख तर सर्वांत अधिक पोळलेल्या प्रांतांपैकी होता. हा रोग ज्या विषाणूने होतो, तो माणसात प्रथम सापडला १९३३ साली. तेव्हा त्या वेळी रोगाचे खरे कारण वैद्यासही ठाऊक नव्हते, मग सामान्य माणसास कोठून असणार?

माझी आजी त्या वेळी तेरा वर्षांची होती. घरातील सर्वच माणसे अंथरुणास खिळलेली. ती सांगे की, शेजारीण रोज पेजेचे भांडे उंबरठ्यावर ठेवी, हाक मारी आणि मागे सरे. ती आत येत नसे. पण एक दिवसही चुकत नसे. अंतर राखूनही माणसास न टाकणे, हे शहाणपण त्या निरक्षर बाईस कोणी शिकविले असेल?

आता माझ्या स्वतःच्या चुकीची गोष्ट सांगतो. २००९ च्या पावसाळ्यात स्वाइन फ्लूची साथ आली. ऑगस्टमध्ये पुण्यास पहिला बळी गेला, तेथील शाळा बंद झाल्या. येथेही तोंडावर रुमाल आले; हस्तांदोलन सोडून लोक हात जोडू लागले; वर्गात कोणी शिंकले की साऱ्या माना वळत. मीही फळ्यावर सूचना लिहिली: 'ताप आल्यास घरी राहावे.' परंतु त्याच भिंतीवर शंभर टक्के हजेरीच्या बक्षिसाचा तक्ताही टांगलेला होता!

एके सकाळी एक गुणी मुलगा अंगात ताप घेऊन आला. घरी जा म्हणताच त्याचे डोळे भरून आले. "गुरुजी, माझी हजेरी!" मला दया आली, आणि मी त्यास बसू दिले. चार दिवसांनी त्याच्या शेजारचा मुलगा येईनासा झाला. पाठोपाठ त्याच्या तान्ह्या बहिणीस इस्पितळात न्यावे लागले. मूल सुदैवाने वाचले. तो ताप माझ्याच वर्गातून गेला, हे कोणी सिद्ध करू शकणार नाही. मला मात्र कित्येक रात्री झोप आली नाही.

पुढील वर्षी मी आग्रह धरून ते बक्षीस बंद करविले. तीन वर्षांनी ते पुन्हा सुरू झाले, आणि संमेलनात विजेत्यांची नावे मीच वाचली. भीती सरली होती. तिच्याबरोबर शहाणपणही सरले होते.

२०२० च्या कोरोनात तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रोगराई शहराबाहेर घालविणाऱ्या मारबतीचीच मिरवणूक निघाली नाही! त्या दिवसांत आपण हात धुतले, मुखपट्टी बांधली, दारात डबे ठेवले. आज त्यातील किती उरले आहे?

इन्फ्ल्यूएंझाचा रोगी लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे साधारण पाच ते सात दिवस दुसऱ्यास रोग देऊ शकतो. म्हणजे घरी राहणे हे आळसाचे नव्हे, कर्तव्याचे लक्षण होय. पण ज्याचे घरी राहिल्याने नुकसान होते, तो ताप लपवून येणारच. माझ्या विद्यार्थ्यास बक्षिसाचा लोभ होता; तुमच्या घरी धुणे-भांडी करावयास येणाऱ्या बाईस खाड्याचे पैसे कापले जाण्याची धास्ती असते. तिला ताप आला तर पगार न कापता चार दिवस विसावा द्या. पुढील साथ येण्याची वाट न पाहता द्या. भीतीने लागलेली सवय भीतीबरोबर जाते. जी सवय पाळताना गरिबाच्या पोटास चिमटा बसत नाही, तीच टिकते.