रेव्हरंड टिळकांचा संसार

आमच्या अंजूरला 'पाद्री' म्हटले की जुन्या माणसांना वसईचे फिरंगी आठवतात. गंगाजी नाईक अंजूरकर आणि त्यांचे भाऊ याच गावचे. १७३७ ते १७३९ या वसईच्या मोहिमेत त्यांनी चिमाजी अप्पांना साथ दिली, ही कथा इथे पोराटोरांनाही ठाऊक. मी आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे, ते पाद्री मात्र आमच्या खाडीपलीकडे, कल्याणच्या शाळेत शिकले. रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा.

बी.ए.ला मराठी घेतले तेव्हा लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' माझ्या हाती आली. टिळकांच्या कविता शाळेत पाठ केल्या होत्या, पण माणूस भेटला तो बायकोच्या लेखणीतून. तापट, घटकेत विरघळणारा, खिशात पैसा न टिकणारा. बाजारात पाठवले एका वस्तूसाठी, घरी आली भलतीच. घरात आपल्यालाच पुरेसे नाही आणि हे कुणाला तरी जेवायला घेऊन येणार! (माझ्या बायकोने ते पुस्तक वाचून एवढेच विचारले, "कवी सगळे असेच का?" मी उत्तर दिले नाही.)

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पत्नीला सोबत न घेता. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन पंढरपुरात राहिल्या. चार-पाच वर्षे संसार दोन गावांत विभागलेला. मी जन्माने मुसलमान. ईश्वराच्या शोधात घर सोडायची वेळ माझ्यावर कधी आली नाही, म्हणून टिळकांच्या धैर्यापुढे मी नमतो. पण स्पष्ट सांगतो, त्या वर्षांत माझे मन लक्ष्मीबाईंच्या बाजूला जाते. सत्य सापडले त्यांना, किंमत मोजली तिने. मोठ्या माणसांच्या चरित्रांत हा हिशेब बहुधा लिहिला जात नाही. इथे तो लिहिला गेला, कारण लिहिणारी तीच होती. आणि लिहिले तेही कसे, तर हसत हसत.

पुढे ती परतली, आपल्या मनाने सोवळेओवळे टाकले आणि १९०० मध्ये तिनेही बाप्तिस्मा घेतला. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, त्यांचे बिऱ्हाड. १९०४ मध्ये टिळकांना पाद्रीपणाची दीक्षा मिळाली. ते शिकवीत, उपदेश करीत आणि घर भरत राही. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक ठोंबरे नावाचे एक लाजरे पोर चमकले. त्यालाही टिळकांनी घरी आणले. तेच आपले बालकवी. लक्ष्मीबाईंनी त्याला लेकरासारखे सांभाळले.

कवितावाचनानंतर मला हमखास एक प्रश्न येतो, "तुम्ही मुसलमान असून इतके चांगले मराठी कसे लिहिता?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते, कौतुकच असते. पण त्या 'असून'पाशी मी दर वेळी अडखळतो. आमच्या घरात बोलली जाते ती बोली याच खाडीकाठची. ती मी कुठून उसनी आणली नाही. नगर जिल्ह्यातल्याच श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी काही शतकांपूर्वी मराठीत 'योगसंग्राम' रचला, त्यांनाही असे कुणी विचारले असेल का? टिळकांच्या वाट्याला हाच प्रश्न दुसऱ्या अंगाने आला असणार. ख्रिस्ती झालात, आता मराठीशी, संतांशी तुमचा काय संबंध? त्यांनी वाद घातला नाही असे नाही, वाद त्यांच्या स्वभावातच होता. पण खरे उत्तर त्यांनी अभंग, ओवी आणि भजने लिहून दिले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते सांगत. धर्म बदलला, पण मराठी कायम ठेवली. पाद्र्याच्या प्रार्थनामंदिरात टाळ वाजवायचा हट्ट धरणारा हा माणूस मला म्हणून जवळचा वाटतो.

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत गेले. ख्रिस्ताचे ओवीबद्ध चरित्र, 'ख्रिस्तायन', त्यांनी हाती घेतले होते. दहाएक अध्याय झाले होते. मग ते लक्ष्मीबाईंनी लिहायला घेतले आणि चौसष्ट अध्याय लिहिले. त्यांना अक्षरओळख लग्नानंतर झाली होती, ती टिळकांकडून.